गुन्ह्याच्या दिवशी वय किती?

२० डिसेंबर २०२२ रोजी जर्मनीतल्या इट्सेहो या गावच्या न्यायालयाने ९७ वर्षांच्या एका बाईंना दोषी ठरवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात श्टुटहोफच्या छळछावणीत, कमांडंटच्या कचेरीत त्या टंकलेखनाचे काम करत होत्या. दहा हजारांहून अधिक खुनांना साहाय्य केल्याचे सिद्ध झाले आणि त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा मिळाली. हा खटला चालला तो मात्र अल्पवयीन आणि तरुण आरोपींसाठी असलेल्या युवक न्यायपीठापुढे. आरोपी पणजीच्या वयाची असली तरी गुन्हा घडला तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, आणि एकवीस पूर्ण न झालेल्या आरोपीचा खटला तिथला कायदा युवक न्यायालयाकडेच सोपवतो. मधल्या पाऊणशे वर्षांनी त्यात काही फरक पडला नाही.

सुमारे तीन महिन्यांनी, २७ मार्च २०२३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कैद्याला सोडून देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली होती. त्या खटल्यात १९९८ साली या माणसाला फाशीची शिक्षा झाली, पुढे उच्च न्यायालयाने आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. फेरविचाराची याचिकाही फेटाळली गेली. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेल्यावर राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टरावरून सिद्ध झाले की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा वर्षांच्या मुलाला आजच्या कायद्याने फार तर तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. फाशी त्याला तेव्हाच्या कायद्यानेही देता येत नव्हती.

दोन्ही देशांत तत्त्व एकच आहे: आरोपी आज किती वर्षांचा आहे याला महत्त्व नाही, गुन्हा घडला त्या दिवशी तो किती वर्षांचा होता यावरून न्यायालय ठरते. जर्मनीत ते पहिल्या दिवशी लागू झाले, आपल्याकडे एकोणतिसाव्या वर्षी. आपल्या देशातला वाद सहसा ‘वयाची मर्यादा सोळा की अठरा’ याभोवती फिरतो. दूरचित्रवाणीवर तो रंगतोही चांगला. पण गेल्या चाळीस वर्षांतले निकाल आणि कायदे ओळीने वाचले तर खरी दुखणी दुसरीकडे सापडतात. वय कोण तपासतो, केव्हा तपासतो, कोणत्या कागदावरून तपासतो आणि त्या वेळी आरोपीच्या बाजूने कोण उभे असते, यावर मुलाचा मुक्काम ठरतो. या लेखात त्याचाच आढावा घ्यायचा आहे.

डोंगरीपासून दिल्लीपर्यंत

मुलांना मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळे ठेवावे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ सालची. सुधारशाळांचे केंद्रीय कायदे १८७६ आणि १८९७ चे. तुरुंग समितीने १९१९-२० च्या अहवालात मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत असे सुचवले आणि प्रांतांनी कायदे करायला सुरुवात केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये. मुंबईच्या या कायद्याची अंमलबजावणी करायला १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, त्याच जागी पुढे मुलांचे रिमांड होम आले. सरकारी कागदांत त्याला आता निरीक्षणगृह म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘रिमांड होम’च आहे, आणि आईबापांच्या मनातली धास्तीही तीच आहे.

स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता. काही राज्यांत तो नुसता पुस्तकात होता आणि मुले सरळ तुरुंगात होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांतल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने संसदेने सगळ्या देशासाठी एकच कायदा करावा असे सुचवले आणि त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम आला. त्यात मुलग्यांची मर्यादा सोळा होती, मुलींची अठरा. डिसेंबर १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. तिच्याशी जुळवून घेत २००० च्या कायद्याने मुलगे आणि मुली दोघांचीही मर्यादा अठरा केली. १ एप्रिल २००१ पासून तो कायदा अमलात आला. म्हणजे अठराची मर्यादा काही प्राचीन परंपरा नव्हे. मुलग्यांसाठी ती अवघी पंचवीस वर्षांची आहे, आणि त्यातली शेवटची दहा वर्षे ती अर्धी उघडलेल्या अवस्थेत आहे.

तारीख कोणती धरायची?

एका खटल्यात तारखा तीन असतात: गुन्ह्याची, अटकेनंतर न्यायालयापुढे उभे केल्याची आणि निकालाची. तिन्ही तारखांना आरोपीचे वय वेगळे असू शकते. मग कोणते धरायचे?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये उमेशचंद्र खटल्यात गुन्ह्याची तारीख धरली. २००० साली अर्णित दास खटल्यात मात्र दुसऱ्या पीठाने न्यायालयापुढे हजर केल्याची तारीख धरली. याचा अर्थ काय होतो, हे पोलिसांनाही कळत होते आणि आरोपींच्या वकिलांनाही. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाने गुन्हा केला आणि तो दोन महिने सापडला नाही, किंवा सापडूनही कागदावर आला नाही, की तो आपोआप मोठा ठरतो. कोणता कायदा लागू करायचा हे ठरवण्याची मुभा मग तपास अधिकाऱ्याच्या सवडीला मिळते. २००५ मध्ये प्रताप सिंह विरुद्ध झारखंड राज्य या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा घोळ मिटवला आणि गुन्ह्याच्या तारखेवर शिक्कामोर्तब केले.

संसदेने २००६ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो हा दावा आरोपी कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करू शकतो, अशी तरतूद झाली. २०१५ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये ती कायम आहे. पुण्याच्या खटल्यातला कैदी २०२३ मध्ये बाहेर आला तो याच दारातून. चौकशी चालू असताना मूल अठरा वर्षांचे झाले तरी चौकशी बाल न्याय मंडळापुढेच चालते. अठरा पूर्ण झाल्यावर पकडला गेला, पण गुन्हा आधीचा असेल, तरी त्याला चौकशीपुरते मूलच मानायचे, असे कलम ५ आणि ६ सांगतात.

२०१४ साली लोकसभेत मांडलेल्या विधेयकात याला छेद देणारे एक कलम होते. सोळा ते अठरा वयात गंभीर किंवा निर्घृण गुन्हा केला आणि आरोपी एकविशीनंतर पकडला गेला, तर त्याच्यावर थेट सज्ञान म्हणूनच खटला चालवायचा, असे त्यात म्हटले होते. संसदेच्या स्थायी समितीने ते घटनाविरोधी ठरवले. दोन मित्रांनी एकाच रात्री एकच गुन्हा केला, एक दुसऱ्या दिवशी सापडला आणि दुसरा चार वर्षांनी, म्हणून दोघांना वेगळा कायदा लावणे हा समानतेचा भंग आहे, ही समितीची हरकत बिनतोड होती. ते कलम वगळले गेले. या विषयावरच्या संसदीय कामकाजातला हा सर्वांत शहाणा निर्णय, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

डिसेंबर २०१२ नंतर

दिल्लीच्या बसमधल्या त्या अत्याचाराने देश पेटला तेव्हा सहा आरोपींपैकी एक अठरा वर्षांना काही महिने कमी होता. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. बलात्काराच्या कायद्यात आमूलाग्र बदल सुचवणाऱ्या या समितीने अल्पवयाची मर्यादा खाली आणायला मात्र स्पष्ट नकार दिला. जुलै २०१३ मध्ये सलील बाली खटल्यात आणि मार्च २०१४ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अठराची मर्यादा वैध ठरवली. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी मंडळाने त्या मुलाला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश दिला. कायद्यात याहून जास्त मुदत नव्हती.

मुंबईत त्याच ऑगस्टमध्ये शक्ती मिलच्या आवारातली सामूहिक बलात्काराची घटना घडली. तिथेही अल्पवयीन आरोपी होते आणि त्यांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढेच चालली. जनमत तापलेलेच होते. लोकसभेने मे २०१५ मध्ये नवे विधेयक मंजूर केले, राज्यसभेत ते अडून राहिले. २० डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीतला तो मुलगा मुदत संपून बाहेर पडला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर करून टाकले. मुख्य म्हणजे नवा कायदा त्या मुलाला लागू होऊच शकत नव्हता, कारण गुन्ह्यानंतर वाढवलेली शिक्षा मागच्या गुन्ह्याला लावायला राज्यघटनेचे कलम २० मनाई करते. एका मुलाच्या सुटकेवरच्या संतापातून हा कायदा घाईने संमत झाला, आणि आता तो हजारो इतर मुलांना लागू आहे.

सोळा ते अठरा: मधली पायरी

१५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या कायद्याने वयाची मर्यादा अठराच ठेवली, पण सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक मधली पायरी बांधली. गुन्ह्यांचे तीन वर्ग केले: क्षुल्लक, गंभीर आणि निर्घृण. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे शिक्षा आहे तो निर्घृण. अशा गुन्ह्यात सोळा पूर्ण केलेला आरोपी असेल तर मंडळाने कलम १५ नुसार प्राथमिक मूल्यांकन करायचे. तो गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत गुन्हा घडला ती परिस्थिती, या गोष्टी पाहायच्या. खटला सज्ञान म्हणून चालावा असे वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे प्रत्यक्षात सत्र न्यायाधीशाकडे, जाते. त्या न्यायाधीशानेही पुन्हा स्वतंत्रपणे विचार करायचा असतो. तो अनेकदा होतच नाही हे पाहून, हा टप्पा ऐच्छिक नाही असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये बजावावे लागले.

सज्ञान म्हणून दोषी ठरला तरी फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. एकविशीपर्यंत त्याला ‘सुरक्षित स्थळी’ ठेवायचे, मग सुधारणा पाहून सोडायचे की तुरुंगात पाठवायचे ते ठरवायचे. पण दोन गोष्टी तो कायमच्या गमावतो. तीन वर्षांची कमाल मर्यादा जाते, आणि शिक्षेचा डाग पुढच्या आयुष्यात लागू नये हे कलम २४ चे संरक्षणही जाते.

म्हणजे सगळा भार त्या प्राथमिक मूल्यांकनावर आहे. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. यांनी पुरावा न ऐकता, गुन्हा केला की नाही हे न ठरवता, हे ठरवायचे की ‘तो केला असेल तर’ त्या दिवशी मुलाला त्याचा अर्थ कळत होता का. मुलाने गुन्हा नाकारला असेल तर त्याच्याशी कोणत्या परिस्थितीविषयी बोलायचे? परिणाम कळतात का, या प्रश्नाला सोळा वर्षांचे कोणतेही मूल ‘हो’च म्हणेल. खून केल्यावर पोलीस पकडतात हे दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असते. मनात राग, दबाव, मित्रांची चढाओढ उसळलेली असताना ते माहीत असलेले आठवते का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो बुद्ध्यांकाच्या चाचणीत सापडत नाही.

२०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि त्याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यावर आरोप आला. त्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मूल्यांकनातल्या उणिवांवर बोट ठेवले. बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी असलेला सदस्य मंडळात नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. कायदा लागू झाल्यापासून सात वर्षे मूल्यांकने कशाच्या आधारावर झाली, हा प्रश्न उरतोच. मूल्यांकन तीन महिन्यांत पूर्ण करावे असे कायदा म्हणतो, पण ही मुदत बंधनकारक नाही असा निर्वाळा मे २०२४ मध्ये आला. निकालाचे तर्कशास्त्र समजते. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उशीर झाला की मूल्यांकन होते ते दुसऱ्याच माणसाचे. सतराव्या वर्षी गुन्हा केलेला माणूस तिसाव्या वर्षी सापडला तर सतराव्या वर्षीचे त्याचे मन कोण आणि कसे तपासणार, याविषयी कायदा गप्प आहे.

कलमे आणि कसोटी

कायद्याने निर्घृणतेचे माप किमान शिक्षेवर बसवले, आणि त्यातून विचित्र गोष्टी घडल्या. दिल्लीत एप्रिल २०१६ मध्ये अठरा पूर्ण व्हायला काही दिवस कमी असलेल्या मुलाने भरधाव मर्सिडीज चालवून एकाचा जीव घेतला. गुन्हा सदोष मनुष्यवधाचा होता. त्याची कमाल शिक्षा मोठी होती, पण तेव्हाच्या कायद्यात किमान शिक्षा सांगितलेलीच नव्हती. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान सात वर्षे नसेल तर तो निर्घृण नव्हे, ‘गंभीर’ मानावा. २०२१ च्या दुरुस्तीने हेच कायद्यात लिहिले गेले.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले तेव्हा हा निकाल आधीच अस्तित्वात होता. मुलाला त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. महाराष्ट्र खवळला, आणि तीन दिवसांनी आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. जामीन रद्दच न करता मुलाला डांबून ठेवणे बेकायदा आहे, हे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे राज्य सरकारने मंडळाच्या दोन समाजकार्यकर्त्या सदस्यांना पदावरून काढले. १५ जुलै २०२५ रोजी, मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय अपेक्षितच होता.

या प्रकरणात खरा घाव कुठे बसला हे लक्षात घ्यायला हवे. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि मुलाचे आईवडील अटकेत गेले. व्यवस्था मुलाशी सौम्य होती म्हणून लोक चिडले नाहीत. ती याच मुलाशी इतक्या तत्परतेने सौम्य झाली म्हणून चिडले. जामीन हा प्रत्येक मुलाचा नियम आणि नकार हा अपवाद, असे कलम १२ सांगतेच. सुटीच्या दिवशी एकट्या सदस्यापुढे मूल हजर करता येते हेही कायद्यात आहे. पण पाकीटमारीत सापडलेल्या, पत्ता नसलेल्या, आई धुणीभांडी करणाऱ्या मुलासाठी रविवारी दुपारी अशी धावपळ होते का?

आता दुसरी बाजू पाहा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात २०१९ पासून लैंगिक संबंधाच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे शिक्षा आहे. सतरा वर्षांचा मुलगा आणि साडेसोळा वर्षांची मुलगी एकमेकांच्या मर्जीने पळून गेले आणि मुलीच्या बापाने तक्रार दिली, तर तो मुलगा ‘निर्घृण’ गुन्ह्याचा आरोपी ठरतो. व्यावसायिक प्रमाणातला गांजा पिशवीत घेऊन जाणारे मूलही तसेच, कारण तिथेही किमान दहा वर्षे आहेत. प्राणघातक शस्त्र वापरून लूट केली तर किमान सात, म्हणजे पुन्हा निर्घृण. मात्र दारू पिऊन गाडीखाली दोघांना मारले तर नाही. कोयता दाखवून मोबाईल हिसकावणारा सतरा वर्षांचा पोर सत्र न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो आणि पोर्शेवाला जाऊ शकत नाही. दोघांपैकी कोणीही जाऊ नये हे माझे मत. पण एकच जाणार असेल तर तो कोण, हे कलमातल्या किमान आकड्याने ठरवणे विवेकाचे नाही.

१ जूनची पिढी

इतके सारे ज्या वयावर अवलंबून आहे ते वय येते कुठून? कलम ९४ क्रम सांगते. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी.

महाराष्ट्रात कोणत्याही खेड्यातल्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडावे. पानामागून पाने १ जूनला जन्मलेली मुले दिसतील. घरी तारीख माहीत नव्हती, गुरुजींना प्रवेशाच्या वयात बसवायचे होते, म्हणून त्यांनी १ जून लिहिला. कित्येक आमदार, अधिकारी आणि प्राध्यापक अजून त्याच दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा घेतात. गुरुजींनी बैठकीत बसून लिहिलेली ती तारीख एका खटल्यात मूल आणि मोठा माणूस यांच्यातली रेघ ठरू शकते. चुकली तर दोन्हीकडे चुकते. कधी खऱ्या मुलाला मोठे करते, कधी मोठ्या माणसाला मूल.

हाडांच्या चाचणीवर तरी किती विसंबायचे? तिच्यात दोन वर्षांची चूक कोणत्याही बाजूने असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदवले आहे. सतरा की एकोणीस, हा प्रश्न ती सोडवू शकत नाही, आणि बहुतेक वेळा नेमका तोच प्रश्न असतो. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातल्या अजमल कसाबने खटल्याच्या सुरुवातीला आपण अठरा वर्षांखालचे आहोत असा दावा केला, तेव्हा मुंबईच्या विशेष न्यायालयाने वैद्यकीय तपासणी करून तो वीस वर्षांवरचा आहे असे ठरवले. कठुआच्या बलात्कार-खून प्रकरणात खालच्या न्यायालयांनी अल्पवयीन मानलेल्या एका आरोपीला नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पुराव्यावरून सज्ञान ठरवले. दावा खोटा असू शकतो, म्हणून तो नीट तपासायचा, हे दोन्हींचे सार. मात्र तपासणी लवकर आणि मनापासून व्हायला हवी.

ती तशी न झाल्याचे उदाहरण डेहराडूनचे आहे. १९९४ मधल्या एका तिहेरी खुनात फाशी झालेल्या माणसाने आपण अल्पवयीन होतो हे खालच्या न्यायालयातच सांगितले होते. त्याचे बँकेत खाते आहे, म्हणजे तो सज्ञान असणार, असा युक्तिवाद तिथे टिकला. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी फाशी कमी करून जन्मठेप दिली. ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता. तोवर त्याची पंचवीस वर्षे गजांआड गेली होती.

इतर देशांत

जगातले पहिले बाल न्यायालय १८९९ मध्ये शिकागोत उभे राहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ च्या केंट खटल्यात सांगितले की मुलाचे प्रकरण मोठ्यांच्या न्यायालयात पाठवण्याआधी सुनावणी हवी, कारणे हवीत, वकील हवा. आपल्या कलम १५ मधल्या कसोट्यांचे मूळ तिथे सापडते. १९९० च्या दशकात ‘मोठ्यांचा गुन्हा, मोठ्यांची शिक्षा’ अशी लाट आली आणि हजारो मुले मोठ्यांच्या न्यायालयांत गेली. मग न्यायालयाने पावले मागे घेतली. २००५ मध्ये अठरा वर्षांखालच्यांची फाशी बंद झाली, २०१२ मध्ये सरसकट, सुटकेविना जन्मठेपही. तरीही आपल्याकडचे सोपे तत्त्व तिथे सर्वत्र नाही. कनेक्टिकट राज्यात १९७५ साली झालेल्या खुनासाठी, तेव्हा पंधरा वर्षांचा असलेल्या माणसावर २००० साली, चाळिशीला टेकलेला असताना आरोप ठेवला गेला. बाल न्यायालयातून त्याचे प्रकरण मोठ्यांच्या न्यायालयाकडे गेले, कारण त्या वयाच्या माणसाला ठेवायला बालव्यवस्थेत जागाच नव्हती. तिथे झालेली शिक्षा पुढे रद्द झाली. हाच पेच जर्मनीने कसा सोडवला ते सुरुवातीला पाहिले: जागा नाही म्हणून तत्त्व बदलायचे नसते.

इंग्लंडमध्ये १९९३ साली लिव्हरपूलजवळ दोन वर्षांच्या बाळाला ठार मारणाऱ्या दहा वर्षांच्या दोन मुलांचा खटला मोठ्यांच्या न्यायालयात, खचाखच गर्दीत चालला. मुलांना दिसावे म्हणून आरोपीचा पिंजरा उंच केला होता. डिसेंबर १९९९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की त्या मुलांना स्वतःच्या खटल्यात खऱ्या अर्थाने भागच घेता आला नाही, म्हणून तो न्याय्य नव्हता.

भीती आणि आकडे

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात मुलांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी देशातले एकूण गुन्हे ५८ लाखांवर होते. हिशेब शंभराला अर्धा इतका होतो. पकडलेल्या मुलांपैकी पाऊणहून अधिक सोळा ते अठरा वयातली, हेही खरे. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांत पोरे दिसतात, हे नाकारायचे कारण नाही. वस्तीतल्या माणसाला वाटणारी भीती आकड्यांनी जात नाही, आणि ज्याचे माणूस गेले त्याला टक्केवारी सांगणे क्रूरपणाचे आहे.

पण त्या टोळक्यांमागचे ‘भाई’ सज्ञान असतात. मुलांना पुढे करणाऱ्या मोठ्यांसाठी याच कायद्यात कलम ८३ आहे: सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपये दंड. मर्यादा चौदावर आणा अशी मागणी करणाऱ्यांनी आधी हे विचारावे की आपल्या जिल्ह्यात या कलमाखाली किती मोठ्यांवर दोषारोपपत्र गेले. मर्यादा खाली आणली की टोळीला आणखी लहान पोर लागते, एवढाच फरक पडतो.

मुलाला शिक्षा नको असे हा कायदा म्हणत नाही. तीन वर्षे घरापासून तोडणे ही शिक्षाच आहे. त्या तीन वर्षांत काय घडते हा खरा मुद्दा. समुपदेशक नाही, शिक्षक अर्धवेळ, परिविक्षा अधिकाऱ्याकडे न पेलणाऱ्या फायली, आणि सुटल्यावर विचारणारे कोणी नाही, अशी गृहे चालवून ‘सुधारणा फसली’ म्हणणे अप्रामाणिक आहे. ती करून पाहिलीच नाही.

या सगळ्यातून जे करायला हवे ते फार खर्चाचे नाही. तरुण दिसणाऱ्या प्रत्येक आरोपीच्या पहिल्या रिमांडच्या दिवशीच दंडाधिकाऱ्याने वयाविषयी स्वतः विचारणा करावी आणि उत्तर नोंदवावे. शाळेचा दाखला आणण्याची जबाबदारी मुलाच्या आईवर नव्हे, तपास अधिकाऱ्यावर असावी, दाखला परराज्यातला असला तरी. प्राथमिक मूल्यांकन पदवीधर बालमानसतज्ज्ञाविना झाले असेल तर ते रद्द धरावे. किशोरवयीनांच्या संमतीच्या संबंधांना ‘निर्घृण’च्या यादीतून वेगळे काढावे. आणि मोफत विधी सेवेचा वकील मूल ठाण्यात आणल्या क्षणी तिथे असावा, आरोपपत्रानंतर नव्हे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. पुढच्या वेळी एखाद्या भयंकर बातमीत ‘आरोपी अल्पवयीन’ हे शब्द दिसतील तेव्हा मर्यादा किती असावी यावर मत देण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाची चौकशी करा. सदस्यांच्या जागा भरल्या आहेत का, मानसतज्ज्ञ येतो का, किती प्रकरणे किती महिने पडून आहेत, हे माहितीच्या अधिकाराच्या एका अर्जात कळते. तो अर्ज दहा रुपयांत होतो.